पुढच्या रविवारी दोघं या

काका, दोन वर्षं मी तुमच्यावर रागावले होते, आणि त्या दोन्ही वर्षी माझं रिटर्न मी तुमच्याच पद्धतीनं भरलं. आधी सगळे कागद पलंगावर ओतायचे, मग त्यांचे ढीग करायचे, मग आकडे एकदा पेन्सिलीनं आणि एकदा पेनानं. खाडाखोड नाही. सही सगळ्यात शेवटी. हे तुम्हाला दिसलं असतं तर तुम्ही चष्म्यावरून बघून नुसतं "हं" केलं असतंत. तेवढं "हं" मला हवं होतं.

तुम्ही गेल्याचं बाबांकडून कळलं. ते तुमच्या अंत्ययात्रेला गेले. मी गेले नाही, ऑफिस आहे असं मी सांगितलं. ऑफिस होतंच, पण मागितली असती तर सुट्टी मिळाली असती.

मराठीत एवढं लांब मी पहिल्यांदाच लिहिते आहे. आमच्या शाळेत सिस्टर मराठीत बोललं तर दंड करायच्या, आणि घरी मी मुळातच कमी बोलते. पण तुम्हाला इंग्रजीत काही सांगायचं म्हणजे फॉर्म वाचून दाखवल्यासारखं होईल. तुमच्यासमोर फॉर्म मी पुष्कळ वाचले.

पहिला वाचला तेव्हा मी बारा वर्षांची होते. त्याच्या आदल्या रविवारी बाबा तुमच्याकडे एकटेच आले होते. कापलेला टॅक्स परत मिळवून देणारा एक माणूस होळी बाजाराजवळ बसतो, असं त्यांना ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं. अर्ध्या तासात ते परत आले, पिशवी जशीच्या तशी.

"विचित्र माणूस आहे," ते आईला म्हणाले. "कागद उघडलेसुद्धा नाहीत. विचारतो, वहिनी कुठं आहेत? म्हटलं, घरी. तर चहा पाजला आणि म्हणाला, पुढच्या रविवारी दोघं या."

"मला काय कळतंय त्यातलं?" आई म्हणाली.

"तेच सांगितलं मी त्याला."

तरी पुढच्या रविवारी आम्ही आलो. मला एकटीला घरी ठेवायला नको म्हणून मीही. तुमच्या ओटीवरचं ते लांब बाक, मागे केळीची वाडी, आणि रांगेत बसलेली नवराबायकोंची जोडपी. मला वाटलं, हे डॉक्टर असावेत.

आमच्या घरात बाबांचा पगार कुणाला माहीत नव्हता. पगाराच्या दिवशी ते देवाजवळ एक पाकीट ठेवायचे, तो घरखर्च. त्यातलं आईनं बघायचं, बाकीचं त्यांनी. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळीकडे असंच होतं. बायकांना साड्यांच्या किमती तोंडपाठ असायच्या, नवऱ्याचा पगार नसायचा, आणि विचारणं हे शोभत नसे. हे सगळं तुम्हाला माहीत होतं. म्हणून तर तुम्ही बाबांच्या पगाराचा फॉर्म सोळा हातात घेतलात आणि आवाज जरासुद्धा न बदलता तो आकडा मोठ्यानं वाचलात.

आई बाबांकडे बघायला लागली. बाबा केळींकडे.

मग तुम्ही पासबुक उघडलंत. बोट फिरवत गेलात. "हे दर तीन महिन्यांनी जातात, ही शाळेची फी. हिची." माझ्याकडे न बघताच म्हणालात. "हे दर महिन्याच्या दहा तारखेला दोनशे. मनीऑर्डर. गावाला आई आहे?"

"आहे," बाबा म्हणाले.

"आणि मे महिन्यात काहीच निघालं नाही. म्हणजे गावी गेला होता, तिथं भावानं खर्च केला."

बाबांनी मान हलवली. मी बाकावर पुढे सरकले. एका मळक्या पासबुकातून आमचं सबंध वर्ष कुणीतरी वाचत होतं, उन्हाळ्याच्या सुट्टीसकट. पुढे मी इंटरनेट बघितलं, मोबाइल बघितला, पण तितकं आश्चर्य मला पुन्हा वाटलं नाही.

मग तुम्ही आईकडे वळलात. "वहिनी, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घरात काय शिजतं?"

आईला वाटलं चेष्टा आहे. पण तुम्ही पेन्सिल धरून थांबला होता.

"पिठलं," ती म्हणाली. "कधी जवळा-बटाटा."

"भाजी?"

"असते. स्वस्त असेल ती."

"दूध कमी होतं?"

"नाही हो. हिच्या दुधाला मी हात लावत नाही."

"मग महिन्याला हजार जमतील," तुम्ही म्हणालात आणि कागदावर हजार लिहिलंत. "दीड नाही जमणार. दीड हजार काढले तर दूध तुटेल."

बाबा म्हणाले, "अहो, पगार तर तुम्ही बघितलात. दोन हजार सहज निघतील."

"सावंत, पगार तुमचा. स्वयंपाक कोण करतं?"

बाकावरची दुसरी बाई हसली. बाबांच्या कानाची पाळी लाल झाली.

त्याच दिवशी पिशवीतून विम्याच्या पॉलिसी निघाल्या. बाबांच्या ऑफिसातल्या एकाची बायको एजंट होती. दर मार्चमध्ये टॅक्स वाचवायचा म्हणून बाबा तिच्याकडून एक पॉलिसी घ्यायचे, आणि ती आधीचा फॉर्म समोर ठेवून नवा भरायची. पाच पॉलिसी. पहिली बाबांनी लग्नाआधी घेतलेली, गावच्या मोठ्या भावाच्या नावे. म्हणून पाचही पॉलिसींवर नॉमिनी तोच भाऊ, माझे दादाकाका. लग्न होऊन चौदा वर्षं झाली होती, मी बारा वर्षांची होते, आणि बाबांना काही झालं असतं तर त्या पाच कागदांना आम्ही दोघी माहीतच नव्हतो.

आईनं विचारलं, "नॉमिनी म्हणजे काय हो?"

बाबा म्हणाले, "तसं काही मनात नव्हतं."

कुणीही दुसरा तिथं एखादं वाक्य ऐकवून गेला असता. तुम्ही टेबलाच्या खणातून नॉमिनी बदलायचे पाच कोरे फॉर्म काढलेत, ते माझ्यासमोर ठेवलेत आणि विचारलंत, "बाय, इंग्लिश मीडियम ना? मग भर. आईचं नाव स्पेलिंगसकट येतं का?"

येत होतं. पाच वेळा लिहिलं. बाबांनी पाच वेळा सही केली. तोवर तुम्ही दुसऱ्या जोडप्याशी त्यांच्या घरच्या गॅसबद्दल बोलत बसलात, म्हणजे बाबांकडे कुणी बघत नव्हतं. हेही तुम्ही मुद्दाम केलंत, हे मला फार उशिरा कळलं.

परत जाताना कागदांची पिशवी आईच्या हातात होती. मग म्हणाली, "एवढा मिळतो तुम्हाला?"

"कापून जातो सगळा."

"काय कापतात ते बघितलं मी आत्ता."

त्यानंतर देवाजवळचं पाकीट बंद झालं. बाबा पगार आणून आईच्या हातात द्यायला लागले, असं मात्र नाही. ते तुमच्या भीतीनं तिला आकडा सांगायचे, आणि ती तुमच्या भीतीनं हजार बाजूला काढायची.

त्या हजाराचं तुम्ही काय केलंत, ते मला आजही नीट सांगता येत नाही, म्हणजे हिशेब सांगता येतो, पण ते सुचलं कसं ते सांगता येत नाही. सगळी माणसं मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पोस्टात धावायची आणि वर्षभराची बचतपत्रं एकदम घ्यायची. टॅक्स तेवढाच वाचायचा. तुम्ही आईला सांगितलंत, "एकदम घेऊ नका. दर महिन्याला एक, हजाराचं. बरोबर सहा वर्षांनी दर महिन्याला एक सुटेल."

"आणि मग?"

"मग ही अठरा वर्षांची असेल."

एवढंच. आई दर महिन्याला पोस्टात जायची. बाबा थट्टा करायचे, "निघाली आमची सावकारीण." ती पत्रं तिनं माझ्या जुन्या कंपासच्या पेटीत ठेवली होती, महिन्याप्रमाणे लावून.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा बाबांच्या कंपनीनं त्यांना घरी बसवलं. बावीस वर्षं एका खुर्चीवर बसलेला माणूस. मिळालेले पैसे बहुतेक फ्लॅटच्या कर्जात गेले. बाबा दिवसभर पेपर वाचायचे, तोच पेपर, पुन्हा पुन्हा. आणि त्या जुलैपासून दर महिन्याला एक पत्र सुटायला लागलं. हजाराचे दोन हजार पंधरा रुपये. दोन हजार घरात, वरचे पंधरा आई मला द्यायची. कॉलेजची तीन वर्षं आमच्या घरात असा एकही महिना गेला नाही की ज्यात काहीच आलं नाही.

तुम्हाला कंपनी बंद होईल हे माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. मी एकदा धीर करून विचारलंही होतं, तर तुम्ही म्हणालात, "मी काय ज्योतिषी आहे? माणसाला महिना लागतो, वर्ष नाही लागत. भूक महिन्याची असते." आणि पुढच्याला हाक मारलीत.

पुढचा म्हणजे बायकोला घेऊन आलेला तो हार्डवेअरवाला होता, आठवतं? त्याला कुणीतरी सांगितलं होतं की शेतीच्या उत्पन्नाला टॅक्स नसतो. "काका, थोडी केळी माझ्या नावावर दाखवा ना." तुम्ही मागे वळून वाडीकडे बघितलंत, मग त्याच्याकडे. "तुझ्या गॅलरीत कुंडी तरी आहे का रे?" अख्खी ओटी हसली. तोही हसला, आणि निमूटपणे खरा आकडा बोलला. मला तेव्हा वाटायचं, लोक तुमच्यासमोर खोटं बोलत नाहीत कारण तुम्ही हुशार आहात. आता वाटतं, तुमच्यासमोर खरं बोलून कुणाची अब्रू जात नसे, म्हणून.

मग माझी नोकरी. इंग्रजीचीच नोकरी ती, परदेशी विमा कंपनीची कागदपत्रं तपासायची. पहिला पगार बाबांच्या शेवटच्या पगाराहून जास्त होता. पहिलाच. आकडा मी इथेही लिहिणार नाही. बाबा तेव्हा गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होते, नटबोल्ट आणि वॉशर मोजून द्यायचे. मी घरी निम्मा आकडा सांगितला. उरलेला निम्मा दुसऱ्या बँकेत. खर्चही करत नव्हते, नुसता ठेवत होते. मला वाटायचं, मी त्यांना जपते आहे.

जुलैत फॉर्म सोळा घेऊन मी तुमच्याकडे आले. एकटी. तुम्ही कागदावर नजर टाकलीत, तो उलटा करून ठेवलात आणि म्हणालात, "बाबांना सांगितलंस?"

"नाही."

"मग पुढच्या रविवारी दोघं या."

काका, त्या दिवशी मी तुमच्याशी जितकं बोलले तितकं तोवर कुणाशीच बोलले नव्हते. "बायकोला कळायला हवं ते मला पटतं," मी म्हणाले. "आई बाबांवर अवलंबून होती. बाबा माझ्यावर अवलंबून नाहीत."

"नाहीत ना? मग लपवतेस कशाला?"

"त्यांना वाईट वाटेल."

"तू ठरवलंस?"

"तुम्हाला काय माहीत. ते तिथं बोल्ट मोजतात."

"माहीत आहे. कुठले बोल्ट तेही माहीत आहे." तुमचा आवाज तसाच. "आमचे वडील गेले तेव्हा आईला घरात काय आहे नि काय नाही, ते शेजाऱ्यांकडून कळलं. तेव्हापासून मी एकट्या माणसाचा कागद बघत नाही."

"ते तुमचे वडील. हे माझे आहेत," मी म्हणाले. कागद उचलला. "माझं मी भरीन."

"भर," तुम्ही म्हणालात. "बारा वर्षांची होतीस तेव्हापासून भरतेसच."

हे तुम्ही रागानं म्हणाला नव्हता. मी रागानं ऐकलं.

दोन वर्षं मी मनात तुमच्याशी भांडत होते. माझ्या ऑफिसात एक मुलगी आहे, तिचा पगार सासरी पोचला की तिच्याकडे बसच्या भाड्यालाही उरत नाही. ती आता निम्मा लपवते आणि मला वाटतं ते बरोबर आहे. तुमचा नियम तिच्यावर लावला तर ती बुडेल. हे तुमच्यासमोर मांडायचं, आणि तुम्ही काय म्हणता ते बघायचं, असं ठरवून ठेवलं होतं. एक रविवार, मग पुढचा रविवार. राहून गेलं.

उत्तर मला परवा मिळालं, तुमच्याच ओटीवर. मी काकूंना भेटायला आले होते. बाक तसाच होता, टेबलावर मात्र पाटभर अळूची पानं पसरली होती. काकू रडत नव्हत्या. म्हणाल्या, "मलासुद्धा दर वर्षी समोर बसवायचे गं. सगळं वाचून दाखवायचे, हे इथं आहे, ते तिथं आहे. मी म्हणायची, मला नका सांगू, चुलीवर मासे आहेत. तर म्हणायचे, मासे जळू दे. आता उघडलं कपाट तर सगळं माहीत. एक कागद शोधावा लागला नाही." आणि मग अळूचं एक पान उलटवून, "शोधावा लागला असता तर बरं झालं असतं. तेवढाच वेळ गेला असता."

त्यांच्याजवळ कळंबची एक मासेवाली बसली होती, रिकामी पाटी बाजूला ठेवून. मी काकूंना तुमच्या नियमाबद्दल काहीतरी म्हणाले, तर ती मध्येच बोलली.

"मला नाय बोलले कधी, दोघं या म्हनून. मी एकटीच आलेली, पहिल्यापासून. एक शब्द विचारला नाय नवरा कुठं म्हनून. पोस्टाचं पुस्तक काढून दिलं, माझ्या एकटीच्या नावानं. वर बोलले, घरी नको नेऊस, बहिनीकडे ठेव. मी पानी मागितलेलं फक्त, दुसरं काय बोललेच नव्हते. माझ्या कानात काय नव्हतं तेच बघितलं असेल. विकलेलं नवऱ्यानं."

तुम्ही नियम मोडत होता. न सांगता, माणूस बघून. म्हणजे माझ्या ऑफिसातली ती मुलगी आली असती तर तिलाही तुम्ही नवऱ्याला घेऊन ये म्हणाला नसतात. ज्या घरात आकडा कळल्यावर बाईचं नुकसान होणार, ते घर तुम्हाला रिकाम्या कानांवरून ओळखू येत होतं.

आणि माझ्यासाठी तुम्ही तो मोडला नाहीत.

घरी जाईपर्यंत मी एवढाच विचार करत होते. माझे बाबा तुम्हाला दहा वर्षं माहीत होते. पाच सह्या करताना ते कसे दिसत होते ते तुम्ही न बघता बघितलं होतंत. नोकरी गेल्यावर पहिल्या रविवारी ते तुमच्याकडे आईला घेऊन आले होते, कुणी बोलावलेलं नसताना. या माणसाला मुलीचा मोठा पगार ऐकवेल, याची तुम्हाला खात्री होती. मला नव्हती. बाबांना कमी लेखणारी त्या ओटीवर मी होते, आणि तुम्ही तेवढं मला सांगू शकला असतात, पण ते बोलला नाहीत. फक्त रविवार दिलात.

मी आजही म्हणेन की मुलीचा पगार हा मुलीचा. यावर आपलं भांडण संपलेलं नाही. पण बाबांच्या बाबतीत तुम्ही बरोबर होता की मी, हे बघायला एकच मार्ग उरला होता.

आज रविवार. बाबा गॅलरीत बसून चपलेचा तुटलेला पट्टा शिवत होते. मी बाजूला उभी राहिले आणि आकडा सांगितला. खरा. पहिल्या पगारापासून निम्मा सांगत होते हेही.

बाबांचा दाभण थांबला. "महिन्याला?"

"हो."

"हातात?"

"टॅक्स कापून."

मी मनात मोजत होते, त्यांच्या चेहऱ्यावर आता काय येईल, आणि ते आलं की मी कुठं बघायचं. त्यांनी चप्पल खाली ठेवली. दाभण तिच्यात टोचून ठेवला, कुणाच्या पायाला लागू नये म्हणून. मग आत तोंड करून मोठ्यानं हाक मारली, इतक्या मोठ्यानं की समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईनं वर बघितलं.

"अगं, गॅस बंद कर आणि बाहेर ये."

आई पिठाचे हात घेऊन आली. "काय झालं?"

"आधी बस," बाबा म्हणाले. स्वतः उठून त्यांनी तिला स्टूल दिलं, आणि ती बसेपर्यंत थांबले. मग माझ्याकडे वळले.

"हं, आता परत सांग. सावकाश."